जगाचे राजकारण, गावचे व्यासपीठ

प्रश्न : आमच्या वाचनालयातर्फे जागतिक राजकारणावर जाहीर व्याख्यान ठेवायचे आहे. लोक येतील का?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : येतील, पण 'बदलती जागतिक समीकरणे' असा गुळगुळीत विषय नको. कापसापासून सुरुवात करा. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते उठवले आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमकी आपल्या वेचणीच्या हंगामात. 'ब्राझीलचा कापूस आणि आपला भाव' असा फलक लावलात, तर शेतकरी स्वतःहून येऊन बसेल.

मोठ्या नावासाठी अडून राहू नका. अमरावती-नागपूरचा अर्थशास्त्राचा चांगला प्राध्यापक पुरे; मात्र आपल्याला नेमके काय ऐकायचे आहे, ते त्यांना आधी लेखी कळवा. भाषण पाऊण तास, प्रश्नोत्तरेही तेवढीच. प्रश्न चिठ्ठीवर घ्या, म्हणजे उभे राहून बोलायला संकोचणाऱ्या बायका आणि मुलेही विचारतील. मागे जगाचा मोठा नकाशा हवाच. व्यासपीठावर पक्षाचे पुढारी मात्र नकोत. त्यांच्या सत्कारातच वेळ जातो.

पेरणी-वेचणीचे दिवस टाळा. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आधीच घ्या आणि रात्री दहाच्या आत आटोपा.

दुसरे व्याख्यान श्रीलंकेवर ठेवता येईल. वणीचे लोकनायक बापूजी अणे १९४३ ते १९४७ या काळात तिथे भारत सरकारचे प्रतिनिधी होते, हे जिल्ह्यातल्या मुलांना कळायलाच हवे.