पुरुषांच्या जननेंद्रियावरील पुटकुळ्या : निरुपद्रवी कोणत्या, दखल घेण्याजोग्या कोणत्या?

वार्षिक अहवालाची काही पाने आरोग्यशिक्षणासाठी राखून ठेवावीत, असे आम्हांस नेहमीच वाटत आले आहे. यंदा आम्ही जो विषय घेतला आहे, त्याविषयी घरात कोणी बोलत नाही आणि दवाखान्यातही रुग्ण तो सर्वांत शेवटी काढतो. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून येणारा पुरुष ताप, अंगदुखी, पित्त अशा तक्रारी सांगून उठतो आणि दाराशी पोहोचल्यावर हलक्या आवाजात म्हणतो, "डॉक्टरसाहेब, अजून एक विचारायचं होतं." बहुतेक वेळा ती भीती निराधार असते, क्वचित मात्र फार उशीर झालेला असतो. या दोन्हींच्या मुळाशी संकोच आहे.

या विषयावर मराठीत स्पष्टपणे लिहिण्याची सुरुवात जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली मुंबईतून 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले व खटले आणि निंदा सोसून १९५३ पर्यंत चालविले. तरीही हा संकोच अद्याप पुरता ओसरलेला नाही.

निसर्गतःच असणाऱ्या पुटकुळ्या

शिश्नाच्या टोकाच्या कडेने एक-दोन रांगांत, मोत्यांसारखे एकसारखे बारीक दाणे अनेक तरुणांना वयात आल्यावर दिसू लागतात. ते दुखत नाहीत, वाढत नाहीत, कोणापासून लागत नाहीत आणि कोणाला लागतही नाहीत. वयाबरोबर ते पुसट होतात. शिश्नाच्या त्वचेवरील पिवळसर-पांढरे कण म्हणजे त्वचेतील तेलग्रंथी होत. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ फोर्डाइस यांनी १८९६ मध्ये त्यांचे वर्णन केले. असेच कण पुष्कळांच्या ओठांवरही असतात. उतारवयात वृषणकोशाच्या त्वचेवर उमटणारे लाल-जांभळे ठिपके हे फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे असतात. खाजविल्यास त्यांतून थोडे रक्त येऊ शकते, एवढेच. यांपैकी कशालाही सामान्यतः उपचार लागत नाहीत. ब्लेडने कापणे, सुईने टोचणे किंवा चुना, आम्ल लावणे यांमुळे मात्र निरोगी जागी जखम होते.

साध्या उपचाराने बरे होणारे विकार

केसाच्या मुळाशी होणारा केसतोड दुखतो, त्यात पू धरतो. पण स्वच्छता व योग्य औषधाने तो बहुधा बरा होतो. भातलावणीच्या दिवसांत दिवसभर ओल्या कपड्यांत राहावे लागते. अशा वेळी जांघेत कडा असलेले, खाजणारे चट्टे उठले, तर ते बहुधा गजकर्ण असते. रात्री खाज वाढत असेल, शिश्नावर व वृषणकोशावर खाजऱ्या गाठी असतील आणि घरातील इतरांनाही खाज असेल, तर खरूज समजावी. तिचा उपचार घरातील सर्वांनी एकाच वेळी केला पाहिजे. अन्यथा ती घरात फिरत राहते. दुकानातून आणलेली स्टिरॉइडमिश्रित मलमे चार दिवस आराम देतात आणि गजकर्ण अधिक पसरवितात.

दखल घेण्याजोगी लक्षणे

"दुखत नाही, म्हणजे काळजी नाही" ही समजूत आम्हांस सर्वांत घातक वाटते. केसतोड ठणकतो आणि निरुपद्रवी असतो. याउलट उपदंशाचा, म्हणजे लोकभाषेतील गरमीचा, पहिला व्रण बहुधा दुखतच नाही. संबंधानंतर साधारण १० ते ९० दिवसांत तो उमटतो आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. रुग्ण निर्धास्त होतो, रोग मात्र रक्तात राहतो. पुढे तो पत्नीला व गर्भातील बाळालाही होऊ शकतो. वास्तविक सुरुवातीच्या अवस्थेत पेनिसिलिनच्या एका दीर्घपरिणामी इंजेक्शनने तो बरा होतो.

फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे, अनियमित व वाढत जाणारे चामखीळ एचपीव्ही या विषाणूमुळे येतात. मोत्यांसारखे दाणे रांगेत असतात व वर्षानुवर्षे तसेच राहतात. चामखीळ कोठेही उगवतात व पसरतात. जळजळ होऊन पुंजक्याने येणारे, फुटणारे व पुन्हा उद्भवणारे फोड नागिणीच्या वर्गातील हर्पिस विषाणूचे असू शकतात. दोन्हींसाठी तपासणी आवश्यक आहे.

चाळिशी-पन्नाशीनंतर शिश्नावर गाठ, न भरणारा व्रण किंवा लाल चट्टा राहिल्यास, अथवा त्वचेखालून दुर्गंधीयुक्त वा रक्तमिश्रित स्राव येत असल्यास, कर्करोगाची शक्यता तपासलीच पाहिजे. अग्रत्वचा मागे न सरकणे, तंबाखू व एचपीव्ही यांनी हा धोका वाढतो. वेळेवर निदान झाल्यास बहुतेकदा अवयव वाचविता येतो. हा रोगही आरंभी फारसा दुखत नाही, हे ध्यानात ठेवावे.

काय करावे?

दररोज अग्रत्वचा हलकेच मागे घेऊन साध्या पाण्याने स्वच्छता करावी व अंग कोरडे ठेवावे. कोणताही व्रण, वाढणारी गाठ किंवा बदलणारा डाग दोन आठवड्यांहून अधिक राहिल्यास डॉक्टरांना दाखवावा. असुरक्षित संबंधानंतर व्रण उमटल्यास तेवढीही वाट पाहू नये. लैंगिक संसर्ग आढळल्यास पत्नीचीही तपासणी व उपचार व्हावेत आणि तोवर संबंध टाळावेत. निरोध संसर्गाचा धोका पुष्कळ कमी करतो. शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन केंद्रांत एचआयव्हीची तपासणी विनामूल्य होते व २०१७ च्या कायद्याने तिची गोपनीयता राखणे बंधनकारक आहे.

रस्त्याकडेच्या तंबूत 'गुप्तरोगावर रामबाण' औषध विकणाऱ्यांपासून सावध राहावे. अशा रोगांवरील औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

दाराशी थबकून विचारलेला प्रश्न रुग्णाने खुर्चीवर बसल्याबरोबर विचारावा, एवढीच आमची विनंती आहे. निरुपद्रवी असेल, तर मनावरचे ओझे त्याच दिवशी उतरेल. तसे नसेल, तर उपचाराला पुरेसा वेळ हाताशी राहील.