पाठ-टाचण : खरे माप

(इयत्ता पाचवी, परिसर अभ्यास व गणित)

उद्देश : खरे माप मिळणे हा ग्राहकाचा हक्क असून प्रामाणिक दुकानदाराचे संरक्षणही त्यातच आहे, हे मुलांच्या मनावर ठसविणे.

विषयप्रवेश : ‘दुकानातून सामान कोण आणते?’ असे विचारावे. बरेच हात वर होतील. मापात फसण्याचा संभव या लहान हातांनाच अधिक असतो.

विवेचन : रोज पाव किलो तांदूळ घेणाऱ्या मजुरास प्रत्येक वेळी २० ग्रॅम कमी मिळाले, तर वर्षाची तूट किती? मुलांकडून फळ्यावर गुणाकार करवून घ्यावा : २० × ३६५ = ७,३०० ग्रॅम, म्हणजे ७ किलो ३०० ग्रॅम. मापात मारणारा भाव उतरवून गिऱ्हाईक ओढतो; खरे मापणारा मागे पडतो. म्हणूनच स्पर्धेला नियमनाची जोड हवी. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापांचा पाया घातला. आज २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा लागू आहे. त्यानुसार व्यापारी वजनांवर शासकीय तपासणीची मुद्रा आवश्यक असते.

प्रात्यक्षिक : तराजूची रिकामी पारडी समतोल आहेत काय, हे मुलांनी पाहावे. वेष्टनावरील निव्वळ वजन व कमाल किरकोळ किंमत वाचावी.

शिक्षकांस सूचना : गावातील दुकानदाराचे नाव वर्गात घेऊ नये, त्याचे मूलही समोर बसलेले असते.

समारोप : तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ फळ्यावर लिहावा व मुलांनी तो घरी सांगावा.