जनुकीय विविधतेचे मोजमाप : एक सुलभ साधन

अमेरिकेत १९७० साली मक्यावर करपा रोग पसरला आणि देशातील सुमारे १५ टक्के पीक बुडाले. शेतांत संकरित वाणांची नावे अनेक होती. परंतु बहुतेकांच्या पेशीद्रव्याचा उगम एकच होता आणि त्याच पेशीद्रव्यावर रोगाचा मारा चालला. नावे पुष्कळ असली म्हणजे विविधता असतेच असे नाही.

आपल्याकडे जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन झालेल्या गावोगावच्या व्यवस्थापन समित्या लोक जैवविविधता नोंदवहीत पिकांचे स्थानिक वाण नोंदवितात. एकाच वाणाला दोन खोऱ्यांत दोन नावे असू शकतात. उलट एकाच नावाखाली भिन्न बियाणेही जपले गेलेले असू शकते. याचा उलगडा प्रयोगशाळेतील जनुकीय तपासणीने होऊ शकतो. मात्र तेथून येणाऱ्या आकड्यांच्या राशीचा अर्थ लावावयाचा, तर संगणकाची भाषा जाणणारा माणूस हवा, असा सर्वसाधारण समज आहे.

हा समज दूर करणाऱ्या साधनांपैकी ‘जेनॲलेक्स’ हे एक होय. ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठाचे रॉड पीकॉल व अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे पीटर स्माउस यांनी ते अध्यापन व संशोधन या दोन्ही हेतूंनी रचले. त्याची सहावी आवृत्ती २००६ मध्ये आणि सुधारित ६.५ आवृत्ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ते विनामूल्य असून, कचेऱ्यांत हजेरी व हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एक्सेलच्या तक्त्यातच चालते. पहिल्या स्तंभात नमुन्याचे नाव, दुसऱ्यात गावाचे वा गटाचे नाव आणि पुढे प्रत्येक जनुकस्थानासाठी दोन स्तंभ भरावयाचे. कारण रोपाला एक प्रत मातृबीजाकडून व दुसरी परागाकडून मिळते. जेथे माहिती मिळालेली नाही तेथे शून्य लिहावे. त्यानंतर यादीतून हवे ते गणित निवडले की झाले.

गणित मुळात कठीण नाही. एखाद्या जनुकाची दोन रूपे गावात ०.९ व ०.१ या प्रमाणात आढळली, तर प्रमाणांचे वर्ग ०.८१ व ०.०१ होतात. त्यांची बेरीज १ मधून वजा करता ०.१८ उरतात. दोन्ही रूपे समप्रमाणात असती, तर उत्तर ०.५० आले असते. सहज उचललेल्या दोन प्रती परस्परांहून भिन्न निघण्याची ही शक्यता असून, तिला ‘अपेक्षित विषमयुग्मजता’ म्हणतात. प्रत्यक्षात दोन भिन्न प्रती बाळगणाऱ्या रोपांचे प्रमाण याहून बरेच कमी भरले, तर बाजरीसारख्या परपरागित पिकात जवळच्या नात्यातील संकराचा संशय येतो. भात स्वपरागित असल्याने तेथे अशी तफावत स्वाभाविकच असते. तिला ऱ्हासाचे लक्षण समजणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय.

संगणक हा भेद सांगत नाही. नमुने कसे गोळा झाले, हेही त्याला कळत नाही. एकाच कणगीतील ३० दाणे तपासले तर त्या घरचे बियाणे कळेल, गावचे नव्हे. तसेच एका गावातून १० व दुसऱ्यातून ५० रोपे घेतल्यास दुसरीकडे जनुकांची अधिक रूपे सापडणारच. त्यावरून ते गाव अधिक समृद्ध ठरत नाही. म्हणून निरनिराळ्या घरांतून, शक्यतो समान संख्येने नमुने घ्यावेत आणि प्रत्येक पाकिटावर शेताचे नाव, तारीख व बियाणे कोठून आले याची नोंद त्याच दिवशी करावी.