सांधा बदलल्यावर पुन्हा दुखू लागलं तर



गटातून कर्ज काढून गुडघा किंवा खुबा बदलून घेतलेल्या ताया आता बऱ्याच गावांत दिसतात. ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षं बरं वाटतं. मग कधी पुन्हा दुखू लागलं की घरात म्हणतात, "वय झालं, चालायचंच." पण बदललेल्या सांध्याचं नवीन दुखणं वयावर ढकलू नये. म्हणून हा पाठ.

आत काय बसवलेलं असतं?
गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि दोन्हींच्या मधे टणक प्लॅस्टिक असतं. खुब्यात मांडीच्या हाडात दांडा, त्यावर गोळा आणि तो गोळा फिरायला वाटी असते. बहुतेक सांधे 15-20 वर्षं छान चालतात. पण शेवटी ते यंत्रच, त्यात बिघाड होऊ शकतो.

चार मुख्य बिघाड
1. झीज : प्लॅस्टिक घासून बारीक कण सुटतात. त्या कणांमुळे आजूबाजूचं हाड हळूहळू पोखरतं. सुरुवातीला काहीच दुखत नाही, एक्स-रेमध्येच कळतं.
2. ढिला होणं : हाडातली पकड सुटते. बसून उठल्यावर पहिली काही पावलं टाकताना कळ येते, भार दिला की दुखतं.
3. निखळणं : हे खुब्यात जास्त, आणि पहिल्या तीन महिन्यांत धोका मोठा. उकिडवं बसणं, मांडी घालणं, खाली वाकून जड उचलणं यानं गोळा वाटीतून निसटू शकतो. एकदम जबर कळ येते, पाय आखूड किंवा वळलेला दिसतो, उभं राहता येत नाही.
4. बाजूचं हाड मोडणं : पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होतात. मोरीत घसरण्याचं निमित्त पुरतं.

काय करायचं?
सांधा निखळला किंवा पडल्यावर उभं राहता येत नसेल, तर पाय ओढू नका, चोळू नका. पाय आहे तसा ठेवा, खायला-प्यायला देऊ नका, 108 ला फोन करा. बाकी दुखण्यासाठी मालीशवाल्याकडे न जाता ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा. ताप, लाली, सूज किंवा जखमेतून पाणी येत असेल तर आत जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी जा. दुखत नसलं तरी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला एक्स-रे काढा. ढिला सांधा तसाच वापरला तर हाड आणखी झिजतं. मग दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड आणि महाग होतं. म्हणजे कर्जावर कर्ज.

कागद जपा
ऑपरेशनच्या कागदांत सांध्याचं स्टिकर असतं. त्यावर कंपनी, प्रकार आणि नंबर छापलेला असतो. 2010 साली डीप्यू कंपनीने एएसआर नावाचा खुब्याचा सांधा जगभरातून परत मागवला. त्यात धातूवर धातू घासून झीज होत होती आणि लवकरच दुसरं ऑपरेशन करावं लागत होतं. आपल्या देशात तो बसवलेल्या अनेक रुग्णांचा शोधच लागला नाही. आपल्याकडे स्टिकर असलं, तर निदान आपल्याला विचारता तरी येतं. शिवाय दुसरं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाही आत काय आहे ते कळतं.

पुढच्या बैठकीत करायची कामं
- सांधा बदललेल्या तायांची यादी करा. प्रत्येकीला स्टिकर आणि जुने एक्स-रे घरात आहेत का ते विचारा. नसतील तर दवाखान्यातून डिस्चार्ज कार्डाची प्रत मागायला सोबत जा.
- त्यांच्या घरी कमोड खुर्ची, मोरीत धरायला दांडी आणि रात्री उजेड आहे का ते बघा.
- आजारपणाच्या कर्जात तपासणीचा आणि गाडीभाड्याचा खर्चही धरता येईल का, यावर ठराव करा.

दुखणं सांगायला ताया संकोचतात. विचारायचं काम आपल्या गटाचं.