इंटर्नशिपला जाणाऱ्या मुलांची शिदोरी



आपल्या वसतिगृहातली मुले-मुली आता दहावी-बारावीवर थांबत नाहीत. काही जण विज्ञान शाखेच्या पदवीपर्यंत पोचले आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इंटर्नशिपला, म्हणजे कामाच्या ठिकाणी काही आठवडे राहून शिकण्याला, महत्त्व दिले आहे. त्यामुळे पुढच्या काळात आपली मुले संशोधन संस्थांच्या दारात जाणारच. त्यांना पाठवताना आपण सोबत काय द्यावे, हा या वेळचा धडा आहे. तो मी एका मुलीकडून शिकलो.

मागच्या वर्षी मार्चअखेर वनस्पतिशास्त्र घेतलेली आमची एक मुलगी सहा आठवड्यांसाठी एका पर्यावरण संशोधन संस्थेत गेली. एसटीत बसवताना मी तिला बजावले, "तिथं शहरातली हुशार मुलं असतील. जास्त बोलू नकोस. सांगतील ते ऐक, लिहून घे."

काम सातपुड्यातल्या जंगलात होते. दोरीने 10 बाय 10 मीटरचे चौकोन आखायचे. आतल्या प्रत्येक झाडाचे नाव लिहायचे, जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर टेप लावून बुंध्याचा घेर मोजायचा, खाली उगवलेली रोपे मोजायची. हेच चौकोन काही वर्षांनी पुन्हा मोजले, की जंगल वाढते आहे की विरळ होते आहे ते कळते. मोठी झाडे पुष्कळ पण रोपे नाहीत, असे दिसले तर ते जंगल म्हातारे होत चालले आहे असे समजावे.

दिवस पानगळीचे होते. पुस्तकात झाडाची ओळख पानाफुलांवरून दिलेली. झाडे उघडी पाहून सोबतचे विद्यार्थी अडले. आमची मुलगी माझा उपदेश आठवून दोन दिवस गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी मात्र तिने हात लावून सांगितले: मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची साल तो ऐन, पांढरट कागदासारखी साल तो कांडोळ. त्यानंतर नावे तीच सांगू लागली आणि घेर मोजून तक्ते भरायला बाकीच्यांनी तिला शिकवले. परत आल्यावर तिने मला विचारले, "सर, तुम्ही मला गप्प बसायला का सांगितलं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायावर मी कितीदा तरी बोललो आहे. बागेची राखण माणसाकडे सोपवली आणि प्राण्यांना नावे देण्याचे कामही त्यालाच दिले, असे तिथे आहे. आपण राखतो त्याचे नाव आपल्याला ठाऊक असते. आमच्या मुलीला ते ठाऊक होते, आणि मी तिला रिकाम्या हाताची समजून पाठवले होते.

दुसरी गोष्ट तक्त्यातल्या एका रकान्याची. त्यात झाडाचा 'स्थानिक उपयोग' लिहायचा होता. एका झुडपाचे मूळ तिची आजी औषधाला वापरते. तो रकाना तिने कोरा ठेवला. मार्गदर्शकांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "हे माझं एकटीचं नाही. आजीला आणि गावाला विचारून सांगते." त्यांनी ते मान्य केले.

हे ऐकून मी आधी घाबरलो, पण तिचे बरोबर होते. केरळच्या अगस्त्यमलै डोंगरातले उदाहरण पाहा. 1987 मध्ये शास्त्रज्ञांना वाट दाखवणारे काणी आदिवासी एका झाडाची फळे खात आणि थकत नसत. आधी ते सांगायला तयार नव्हते, पुढे त्यांनी ते झाड दाखवले. त्या 'आरोग्यपच्चा' वनस्पतीपासून तिरुवनंतपुरमच्या संशोधन संस्थेने 'जीवनी' हे औषध तयार केले. परवान्याच्या रकमेतला आणि स्वामित्वधनातला निम्मा वाटा काणी समाजाला द्यायचे ठरले, आणि त्यासाठी 1997 मध्ये समाजाचा ट्रस्ट झाला. ही चांगली बाजू. पण हे ज्ञान सर्वांना न विचारता बाहेर गेले, असे समाजातल्या काही वैद्यांना वाटत राहिले. आज 2006 चा वनहक्क कायदा पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा हक्क मानतो. आपल्या मुलांना हे जाण्याआधीच माहीत हवे.

तिसरी गोष्ट पैशाची. त्या सहा आठवड्यांना मानधन नव्हते. प्रवास आणि जेवणखर्च तुमच्या देणग्यांतून भागला. पण ते दिवस मोहफुले वेचण्याचे. तिची आई मला म्हणाली, "सर, शिकू द्या तिला. पण या दिवसांत दोन हात कमी झाले की वर्षभर जाणवतं." हे नुकसान आम्ही हिशेबात धरलेच नव्हते. यंदा याच कारणाने एका मुलाने अर्ज भरला नाही. त्याला मी आग्रह करू शकलो नाही.

मुलगी परतली ती झाडांची यादी घेऊन. गावात ती वाचली, तेव्हा आजीने दोन नावे दुरुस्त केली. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची लोक जैवविविधता नोंदवही करता येते. ती यादी तिथे उपयोगी पडेल. त्या मुळाबद्दल आजीने अजून होकार दिलेला नाही. रकाना कोराच आहे.

म्हणून यापुढे मुलाला निरोप देताना मी तीन गोष्टी सांगणार आहे: तुला ठाऊक आहे ते संकोच न करता सांग. जे सगळ्यांचे आहे ते विचारल्याशिवाय देऊ नकोस. आणि शिकशील ते गावात परत आण.

मंडळीत व तरुण संघात चर्चेसाठी:

1. आपण कोणाला मदत करताना 'याला काही येत नाही' असे धरून चालतो का?
2. आपल्या घरातले कोणते ज्ञान एकट्याचे नसून सर्वांचे आहे?
3. एका विद्यार्थ्याच्या प्रवासखर्चासोबत त्याच्या घरची बुडणारी कमाईही भरून काढायची, तर आपली मंडळी काय करू शकेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या मार्चपूर्वी कळवावे. मोहाचा हंगाम थांबत नाही.

तुमचा सेवेतील सोबती,
वसतिगृह अधीक्षक