आधी मायक्रोव्होल्ट विचार

तर पुढच्या वर्षी इलेक्टिव्हला अ‍ॅनालॉग घेऊ की नको, हा तुझा प्रश्न. वर्गातल्या सगळ्यांनी एआय नाहीतर एम्बेडेड घेतलंय, अ‍ॅनालॉगला मार्क पडत नाहीत, सर कडक आहेत, आणि वर "हल्ली सगळं डिजिटलच असतं ना गं ताई?" मार्कांचं आणि सरांचं तुझं तू बघ. शेवटच्या वाक्यावर मात्र मला बोलायचंय, कारण मुलाखतीला येणारी बरीच मुलं माझ्यासमोर बसून हेच म्हणतात.

अगं, वजन डिजिटल नसतं, ताप डिजिटल नसतो, छातीतला ठोकाही नसतो. या सगळ्याचं आधी इवलंसं व्होल्टेज होतं आणि मग कुठे त्याचा आकडा होतो. त्या मधल्या टप्प्यावर जी चिप बसते ती मिक्स्ड-सिग्नल, एका अंगाने अ‍ॅनालॉग आणि दुसऱ्या अंगाने डिजिटल. तुझे एआयवाले मित्र ज्या सेन्सर डेटावर काम करणार, तो इथूनच जाणार. इथे घोळ झाला तर पुढचं सॉफ्टवेअर कितीही हुशार असू दे, चुकीचा आकडा चार दशांश स्थळांपर्यंत छान दिसतो, एवढंच.

आता व्याख्यान पुरे. किराणा दुकानातला तराजू घेऊ.

त्याच्या पोटात लोड सेल असतो. अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी, तिच्यावर चिकटवलेले स्ट्रेन गेज आणि त्यांचा व्हीटस्टन ब्रिज. डेटाशीटवर बहुतेक वेळा '२ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट' असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे ब्रिजला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण वजनाला बाहेर येणार १० मिलिव्होल्ट. सेल १० किलोचा असेल, तर १०,००० ग्रॅमला १० मिलिव्होल्ट. भागाकार कर बघू. एका ग्रॅमला एक मायक्रोव्होल्ट!

हा भागाकार मी सगळ्यांना करायला लावते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तुझ्याकडचा अर्डुइनो उनो १० बिटांचा. ५ व्होल्टचे १०२४ भाग, म्हणजे एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची. लोड सेल थेट त्याला जोडलास तर तराजूला कळणार काय? रिकामं, पाच किलोच्या आसपास आणि दहा किलोच्या आसपास. साखर, गूळ, डाळ सगळं तीन आकड्यांत बसव!

म्हणून तिथे एचएक्स७११ सारखी चिप लावतात. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात माग, मिळेल. तिच्या पोटातला अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल १२८ पट करतो आणि २४ बिटांचा एडीसी त्याचा आकडा करतो. "२४ बिट" ऐकून तुझे डोळे चमकणार, मला माहितीये. जरा थांब. २४ बिटांची एक पायरी इथे अडीच नॅनोव्होल्टहून लहान पडते. पण या चिपच्याच डेटाशीटमध्ये खाली नॉइजचा आकडा आहे, सेकंदाला १० रीडिंग घेतलीस तर ५० नॅनोव्होल्ट, तोही आरएमएस. प्रत्यक्षात रीडिंग त्याच्या सहा-सात पट रुंदीत हलतं. म्हणजे झाले साधारण ०.३ मायक्रोव्होल्ट, आपल्या हिशेबात एक तृतीयांश ग्रॅम. विकत घेतलेल्या २४ बिटांतले खालचे सहा-सात बिट नुसते थरथरणारे. दहा किलोला एक ग्रॅम हवा असेल तर हे भरपूर झालं, हे कुठे वाईट आहे? पण मिलिग्रॅमचं स्वप्न बघू नकोस. जाहिरातीत बिट मोजतात, आपण मायक्रोव्होल्ट मोजायचे.

याच तराजूत आणखी दोन गमती आहेत, त्या कळल्या की अ‍ॅनालॉग आवडायला लागतं. पहिली अशी की ब्रिजला जे ५ व्होल्ट देतो, त्यांवरूनच एडीसीचा रेफरन्स घ्यायचा. सप्लाय ५ चा ४.९ झाला तर सिग्नल घटतो आणि ज्या मापाने तो मोजायचा तेही तेवढंच घटतं. गुणोत्तर तसंच राहतं, वजन हलत नाही. याला रेशोमेट्रिक म्हणतात. महागडा रेफरन्स न लावता एक मोठी चूक आपोआप कटते. दुसरी गंमत सेकंदाला १० रीडिंगची. एका रीडिंगला १०० मिलिसेकंद, आणि तेवढ्यात घरच्या ५० हर्ट्झच्या विजेच्या बरोबर पाच लाटा बसतात. वरची बाजू आणि खालची बाजू एकमेकींना खाऊन टाकतात. ट्यूबलाइटची गुणगुण सिग्नलमध्ये शिरली तरी सरासरीत उरत नाही. वेग वाढवून सेकंदाला ८० केलास की ही सोय गेली. प्रोजेक्टमध्ये "फास्ट" दिसावं म्हणून मुलं नेमकं हेच करतात आणि मग कोडमध्ये फिल्टर लिहीत बसतात.

आता ग्राउंडचं. वरातीत बँड वाजत असताना कानात सांगितलेलं गुपित ऐकायचं, तसं सेन्सरचं काम असतं. त्यात तू बँडवाल्याला शेजारीच उभं केलंस तर? एलएम३५ चं उदाहरण घे. एका अंशाला १० मिलिव्होल्ट देणारा साधा, गुणी सेन्सर. ब्रेडबोर्डवर त्याचं आणि रिलेचं ग्राउंड तू एकाच बारीक जंपरवरून परत आणलंस. जंपर आणि त्याचे ढिले काँटॅक्ट मिळून ०.२ ओहम धर. रिलेची कॉइल ७० मिलिअँपिअर घेते. झाले १४ मिलिव्होल्ट. रिले चालू झाला की खोली जागच्या जागी जवळजवळ दीड अंशाने तापते! कोड बरोबर, सेन्सर बरोबर, लायब्ररी बरोबर. ग्राउंड म्हणजे शून्य हे पुस्तकात. टेबलावर ती एक वायर असते आणि वायरला रेझिस्टन्स असतो. म्हणून सेन्सरचं ग्राउंड स्वतंत्र आण आणि एडीसीच्या ग्राउंडपाशीच जोड. रिलेचा करंट त्याच्या वाटेने जाऊ दे.

एलएम३५ ला आणखी एक अट आहे. तराजूसारखं गुणोत्तर त्याला चालत नाही, कारण तो सप्लाय न बघता आपले १० मिलिव्होल्ट देतो. यूएसबीचे ५ व्होल्ट ४.७५ झाले आणि एडीसीचा रेफरन्स तोच असेल, तर ३० अंशांचे साडेएकतीस दिसतील. इथे स्थिर रेफरन्स हवाच. तो चिपमध्ये कसा बनवतात ते मुद्दाम वाच, मला ते या विषयातलं सगळ्यात देखणं सर्किट वाटतं. ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमधलं व्होल्टेज तापमानाच्या दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. दोन ट्रान्झिस्टर वेगवेगळ्या करंट डेन्सिटीवर चालवले तर त्यांच्यातला फरक मात्र तापमानाबरोबर चढतो. उतरणारं आणि चढणारं योग्य प्रमाणात मिळवलं की सुमारे १.२ व्होल्ट मिळतात आणि ते तापमानाने फारसे हलत नाहीत. हा बँडगॅप रेफरन्स. बॉब विडलरने तो १९७१ मध्ये मांडला, पॉल ब्रोकॉने १९७४ मध्ये त्याचं नवं रूप दिलं, आणि आजही जवळपास प्रत्येक मिक्स्ड-सिग्नल चिपच्या कोपऱ्यात तो बसलेला असतो.

ऑप-अँपबद्दल थोडक्यात सांगते. लॅबमधला ७४१ हा १९६८ चा. शिकायला उत्तम, पण त्याला अधिक-उणे १५ व्होल्ट लागतात. ५ व्होल्टच्या बोर्डवर त्याला बसवू नकोस. एलएम३५८ एका सप्लायवर चालतो, पण वरच्या बाजूला साधारण दीड व्होल्ट सोडतो. ५ व्होल्ट दिलेस तर साडेतीनपुढे जात नाही. पूर्ण टप्पा हवा असेल तर एमसीपी६००२ सारखा रेल-टू-रेल घे. या तीनही गोष्टी डेटाशीटच्या तक्त्यात छापलेल्या आहेत. पहिलं पान विकायला लिहिलेलं असतं, तू तक्ता वाच. आणि त्यातही 'टिपिकल' नव्हे, 'मिनिमम' आणि 'मॅक्सिमम'चे रकाने. कंपनी हमी घेते ती त्यांचीच.

शिकायला पैसे लागत नाहीत गं. आयआयटी मद्रासच्या नागेंद्र कृष्णापुरा सरांची अ‍ॅनालॉग आयसी डिझाइनची व्याख्यानं एनपीटेलवर फुकट आहेत. बेहझाद रझावींचं पुस्तक लायब्ररीत असेलच. सिम्युलेशनला एलटीस्पाइस घे, नाहीतर आयआयटी मुंबईच्या फॉसीवाल्यांचं ईसिम. फक्त सिम्युलेशनवर थांबू नकोस. तिथे वायरीला रेझिस्टन्स नसतो, काँटॅक्ट ढिला नसतो आणि शेजारी ट्यूबलाइटही नसते.

नोकरीचं विचारशील, तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र काढलं १९८५ मध्ये, तेव्हापासून आपल्याकडे हे काम चालतं. चिप डिझाइनलाच जायला हवं असंही नाही. चाकण-भोसरीत मीटर, चार्जर, मेडिकलची उपकरणं करणाऱ्या लहान कंपन्यांनाही बोर्डवरचा मायक्रोव्होल्ट सांभाळणारी माणसं लागतात. कोड लिहिणारे दहा भेटतील, रीडिंग का हलतंय ते सांगणारी एखादीच असते. ती एखादी तू हो.

तेव्हा फॉर्मवर अ‍ॅनालॉग लिहून टाक आणि सुट्टीत तो तराजू कर. अडलीस तर रात्री कधीही फोन कर. फक्त एका ग्रॅमला किती मायक्रोव्होल्ट, हे आधी कागदावर मांडलेलं असू दे, कारण मी पहिलं तेच विचारणार आहे.