बटाट्याचं पाणी कुठे फिरवायचं?

आपल्या मेसमध्ये आठवड्यातून निदान पाच वेळा भेटणाऱ्या बटाट्याविषयी हा लेख आहे. भाजीविषयी काही लिहिणार नाही, कारण मेस सेक्रेटरी माझ्याच वर्गात आहे. लिहायचंय ते बटाटा धुऊन, सोलून, कापून झाल्यावर जे पाणी उरतं त्याविषयी. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची. स्टोक्सच्या नियमाची जबाबदारी मात्र माझी.

उन्हाळ्यात घरी वेफर्स करताना तुम्ही पाहिलं असेल. काप पाण्यात टाकले की पाणी दुधासारखं पांढरं होतं. तासाभराने वरचं पाणी ओतून दिलं की पातेल्याच्या तळाशी पांढरा घट्ट थर दिसतो, बोटाने दाबला तर करकरतो. हा स्टार्च. बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी आणि १५ ते २० टक्के स्टार्च असतो. सुरी पेशी फोडते आणि आतले कण पाण्यात सुटतात. कारखान्यातला स्लायसर हेच काम दिवसभर टनावारी करतो.

स्टार्चचा हा कण तसा गुणी आहे. थंड पाण्यात विरघळत नाही. पाण्याच्या साधारण दीडपट जड असतो. आकार ५ ते १०० मायक्रॉन. म्हणजे नुसतं थांबलं तरी तो आपला आपण खाली बसतो. प्रश्न एवढाच की किती वेळ थांबायचं?

आता थोडं गणित. (मेकॅनिकलवाल्यांनी परिच्छेद गाळू नये, व्हायव्हाला हेच विचारतात.) स्थिर पाण्यात कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर, घनतेतल्या फरकावर आणि गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असतो, आणि पाणी जितकं दाट तितका तो कमी होतो. ४० मायक्रॉनच्या कणासाठी आकडे घातले तर वेग येतो सेकंदाला साधारण ०.४४ मिलिमीटर. एक मीटर खोल टाकीच्या तळाशी जायला ३८ मिनिटं. ठीक आहे, थांबू. पण १० मायक्रॉनचा कण घ्या. व्यास एक चतुर्थांश, म्हणून वेग एक सोळांश, आणि तोच एक मीटर उतरायला दहा तास! दहा तासांचं पाणी साठवायचं तर टाकी केवढी लागेल बघा. त्याहून वाईट म्हणजे तोपर्यंत जिवाणूंनी जेवण उरकलेलं असतं.

कणाचा व्यास आपल्या हातात नाही, घनताही नाही. राहतं गुरुत्वाकर्षण, आणि ते वाढवण्याची एकच युक्ती आहे, गरगर फिरवणं. २० सेंटिमीटर त्रिज्येचं भांडं मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरवलं तर कडेच्या कणावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २००० पट जोर येतो. दहा तासांचा प्रवास अठरा सेकंदांवर, आणि भांड्यात त्याला मीटरभर जायचंही नसतं, काही सेंटिमीटर पुरतात. स्वीडनच्या गुस्ताफ द लावालने १८७८ मध्ये दुधातून मलई काढायचं यंत्र याच तत्त्वावर केलं. तिथे हलकी मलई मध्याकडे येते, इथे जड स्टार्च कडेला जातो. बाकी सगळं तेच.

यंत्रं मुख्यतः तीन. हायड्रोसायक्लोनमध्ये यंत्र फिरतच नाही, पाणी फिरतं. शंकूच्या आकाराच्या नळीत पंपाच्या दाबाने पाणी कडेकडेने सोडतात. जड स्टार्च खालच्या टोकातून आणि पाणी वरून बाहेर पडतं. फिरणारा भाग नाही म्हणून बिघडण्यासारखंही फारसं काही नाही. मला हे सगळ्यात आवडतं. डिकँटर म्हणजे वेगाने फिरणारं आडवं पिंप. आत एक लांब स्क्रू त्याच दिशेने पण किंचित वेगळ्या वेगाने फिरतो आणि कडेला बसलेला गाळ खरवडत निमुळत्या टोकाकडे ढकलतो. तिसरा बास्केटवाला, आपल्या वॉशिंग मशीनच्या स्पिनरचा मोठा भाऊ, ओल्या स्टार्चमधलं पाणी पिळून काढायला.

इथपर्यंत सगळं पुस्तकात आहे. पुढचं मी गेल्या सुट्टीत इन-प्लांट ट्रेनिंगमध्ये शिकले. बटाट्याचे पदार्थ करणारा एक मध्यम आकाराचा कारखाना, नाव सांगत नाही. तिथे एक चांगला महागडा डिकँटर होता, पण सांडपाणी प्रक्रियेच्या अगदी शेवटी. आणि तरीही एरेशन टँकवर गुडघाभर फेस, आंबट वास, आणि खालच्या नाल्यालगतच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी. नाल्याकाठच्या एका विहिरीचं पाणी गुरंसुद्धा तोंडाला लावत नव्हती. ऑफिसमध्ये विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘सेंट्रीफ्यूज तर बसवलाय, अजून काय करायचं?’

प्लांटवरचे ऑपरेटर काका मला म्हणाले, ‘मॅडम, हे पाणी कापताना दूध असतं, सम्पमध्ये येईस्तोवर त्याचं ताक होतं, आणि माझ्याकडे गटार होऊन पोचतं.’ चार आठवड्यांत याहून चांगलं लेक्चर मी ऐकलं नाही.

बटाट्याच्या कारखान्यात पाणी एक नसतं, तीन असतात. पहिलं धुण्याचं, त्यात माती, वाळू, पाला. दुसरं स्लायसरखालचं थंड पाणी, त्यात कच्चा स्टार्च. तिसरं ब्लांचरचं गरम पाणी. त्या कारखान्यात तिन्ही एकाच गटारात पडत होती आणि सगळा घोटाळा तिथेच होता. वाळू स्टार्चमध्ये मिसळली की स्टार्च करडा होतो, शिवाय ती डिकँटरचा स्क्रू घासून खाते. गरम पाण्याचं दुखणं वेगळं. ६० ते ६५ अंशांच्या आसपास स्टार्चचा कण फुगतो, फुटतो आणि त्याची खळ होते, कपड्यांना घालतात तसली. खळ फिरवून वेगळी होत नाही. उलट ती थंड पाण्यात मिसळली की सगळंच दाट होतं आणि चांगले कणही खाली बसायला कुरकुर करतात. सम्पमध्ये पाणी रात्रभर पडून राहिलं तर जिवाणू स्टार्चची साखर आणि साखरेची आम्लं करतात. लॅक्टिक, अॅसिटिक आणि तो खास वासवाला ब्युटिरिक. ही सगळी विरघळलेली. विरघळलेली वस्तू असल्या सेंट्रीफ्यूजमधून वेगळी होत नाही. मिठाचं पाणी फिरवून मीठ काढून दाखवा!

मग शेवटचा डिकँटर काय करत होता? जिवाणूंनी खाऊन पिऊन जो गाळ तयार केला तो पिळत होता. तेही काम हवंच. एक टक्का घन असलेला गाळ वीस टक्क्यांपर्यंत नेला तर त्याचं आकारमान विसावा भाग होतं आणि ट्रक कमी लागतात. पण त्याने पाण्यावरचा भार हलका होत नाही. भार आधीच टाकीत शिरलेला असतो.

तो भार केवढा, तेही बघू. स्टार्चच्या सूत्रावरून हिशेब केला तर १ किलो स्टार्च पूर्ण जळायला सुमारे १.२ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे तेवढा त्याचा सीओडी. आपल्याकडे नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला सीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. एक किलो स्टार्च जवळजवळ ४७०० लिटर स्वच्छ पाण्याला त्या मर्यादेवर नेऊन ठेवतो! आणि हा ऑक्सिजन ब्लोअरने विकत घ्यावा लागतो, वीजबिलातून.

आमच्या एका सीनियरचं म्हणणं असं की सगळंच बायोगॅसला सोडा, वेगळं काढायची कटकट कशाला. मुद्दा अगदीच फालतू नाही. नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनच्या खात्से लेटिंगा यांनी १९७०च्या दशकात यूएएसबी रिअॅक्टर विकसित केला आणि बटाट्याच्या कारखान्यांना तो चांगलाच मानवला. १ किलो सीओडीमागे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. पण यूएएसबीला तरंगता गाळ झेपत नाही, त्याच्या जिवाणूंचे दाणे बिघडतात. म्हणून माझं मत असं की जे विरघळलंय ते बायोगॅसला, जे कण आहे ते सेंट्रीफ्यूजला.

त्याच देशाच्या ईशान्येला, ग्रोनिंगनच्या बाजूला, बटाट्यापासून स्टार्च काढण्याचा धंदा १८४०च्या दशकापासून चालत आलेला आहे. तिथले कालवे हंगामात फेसाने आणि वासाने भरून जात. पुठ्ठ्याचे कारखानेही त्यात भर घालत. स्टार्च ते काढतच होते, फेस होता तो मुख्यतः बटाट्याच्या रसातल्या प्रथिनांचा. प्रथिन विरघळलेलं, म्हणजे फिरवून उपयोग नाही. मग आधी आम्लता वाढवून वाफेने रस तापवायचा, दूध नासवून पनीर करतो तसा, आणि मग डिकँटर. तोच डिकँटर, पण पाण्याला आधी तयार करून. ते प्रथिन जनावरांच्या खाद्यात जातं.

स्टार्च काढलेलं पाणी परत स्लायसरला वापरता येतं, पण कायमचं नाही. विरघळलेली साखर त्यात साठत जाते, वेफर्स तळताना काळपट होतात. शिवाय साखर आणि अॅस्परॅजिन मिळून तळणात अॅक्रिलामाइड होतं, हे स्वीडनमध्ये २००२ साली जाहीर झाल्यापासून कोणी हलक्यात घेत नाही. थोडं पाणी सतत बदलत राहावं लागतं.

शेवटच्या आठवड्यात मी आणि काकांनी एक लिटरचे दोन सिलिंडर भरून ठेवले, एक स्लायसरखालचा, एक सम्पचा. पहिल्यात जेवणाच्या सुट्टीपर्यंत तळाशी स्वच्छ पांढरा थर. दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळीही गढूळच. दोन्ही मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले (दुसऱ्यामुळे एसी केबिनची खिडकी उघडावी लागली). माझ्या रिपोर्टमध्ये नवीन मोठं यंत्र नाहीच. स्लायसरच्या पाण्याला वेगळं गटार, तिथेच खाली हायड्रोसायक्लोन, एवढंच. साहेबांनी विचारलं, ‘स्टार्च घेणार कोण?’ कागदवाले, कापडवाले, चिकटपट्टीवाले घेतात, पण वाळवून द्यावा लागतो, ओला दोन दिवसांत आंबतो. फाइल विचाराधीन आहे.

काकांनी विचार वगैरे केला नाही. स्लायसरच्या गटाराला विटा लावून पाणी एका जुन्या टाकीत वळवलं आणि रोज सकाळी खालचा थर फावड्याने काढून गोठेवाल्याला द्यायला सुरुवात केली. मी निघाले त्या दिवशी भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं, ‘आज ३ पोती’.